सहा महिने कामावर नाही, मग मिडवाइफ म्हणून सही कशी करू?

वाचकाचं पत्र (२०२०, कोरोनाचा काळ)

ताई, मी मूळची ठाण्याची, नौपाड्यात वाढलेली. लग्नानंतर इंग्लंडला गेले, तिथेच मिडवाइफरीची, म्हणजे बाळंतपण करण्याच्या कामाची, पदवी घेतली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये माझं नाव तिथल्या रजिस्टरवर लागलं. मुलगा झाल्यावर वर्षभर रजेवर होते. गेल्या ऑगस्टपासून आठवड्याला दोन लांब पाळ्या करत होते. मार्चमध्ये मुलाला घेऊन थोड्या दिवसांसाठी माहेरी आले आणि विमानं बंद झाली. मग मे महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता जायची सोय होऊ शकते, पण आईला एकटीला बाबांचं झेपत नाही, म्हणून बिनपगारी रजा घेऊन इथेच राहिले आहे.

माझ्या नोंदणीची मुदत ३० सप्टेंबरला संपते, नूतनीकरणाचा अर्ज १ सप्टेंबरपर्यंत द्यायचा आहे. भाऊ म्हणतो, कोरोनामुळे सगळ्यांना मुदतवाढ आहे. नवरा तिकडून सांगतो, नोंदणी गेली तरी सध्या तात्पुरत्या रजिस्टरवर घेतात. आई म्हणते, राहू दे ती नोकरी. आणि मला वाटतं, मैत्रिणी तिकडे पीपीई घालून बारा-बारा तास उभ्या असताना मी कोणत्या तोंडाने 'मी मिडवाइफ आहे' असं लिहून देऊ? अर्जाला लागणारे कामाचे तास भरायला इथे कळव्याच्या किंवा बाळकुमच्या हॉस्पिटलात कामाला जाऊ का? आणि अर्जासाठी आपल्या कामावर ते पाच लेख लिहायचे, त्यात काय लिहू? एका बाईला बाळंतपणानंतर खूप रक्तस्राव झाला होता, ती वाचली, पण तिच्या नवऱ्याने नंतर तक्रार केली. ते अजून मनातून जात नाही.

— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर

अर्ज कर. १ सप्टेंबरची वाट बघू नकोस, गणपती बसायच्या आत, म्हणजे २२ ऑगस्टच्या आत हातावेगळा कर. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा ऑनलाइन अर्ज अंतिम तारखेच्या साठ दिवस आधी उघडतो. म्हणजे तुझा अर्ज जुलैच्या सुरुवातीपासून तुझ्या खात्यात उघडा पडून आहे.

आणि त्या अर्जात 'गेले सहा महिने कुठे होतीस' असं कुणी विचारलेलं नाही. तो गेल्या तीन वर्षांचा हिशोब मागतो. तू सहा महिन्यांच्या अपराधी भावनेने तीन वर्षांच्या कागदाकडे बघते आहेस, म्हणून तो तुला डोंगराएवढा दिसतो.

आधी तासांचं बघू, कारण तुझी सगळी भीती तिथे अडकली आहे. मिडवाइफ म्हणून तीन वर्षांत ४५० तास काम झालेलं असावं लागतं. नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदण्या असत्या तर ९०० लागले असते, पण तुझी एकच आहे. साडेसदतीस तासांचा आठवडा धरला तर ४५० तास म्हणजे पूर्णवेळ कामाचे बारा आठवडे. तू सप्टेंबर २०१७ पासून बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत कामावर होतीस. त्यानंतर गेल्या ऑगस्टपासून मार्चपर्यंत आठवड्याला दोन लांब पाळ्या केल्यास. रजेचं वर्ष धरता येत नाही, ते सोडून दे. तरीही तुझे तास कधीच भरलेत, आणि नंतर रजा घेतली म्हणून ते कमी होत नाहीत. जुन्या पगाराच्या स्लिपा आणि ड्युटीचे रोस्टर ईमेलमध्ये शोध, तारखा लिहून बेरीज कर. ती बेरीज डोळ्यांनी बघितलीस की अर्धी धडधड थांबेल.

म्हणून तास भरायला इथल्या हॉस्पिटलात जायची गरज नाही. आणि गरज असती तरी तो रस्ता तुला मोकळा नव्हता. महाराष्ट्रात हे काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, ती तुझ्याकडे नाही. आपल्याकडे नर्सिंग आणि मिडवाइफरी एकत्र शिकवतात, नोंदणीही तशीच होते. नुसत्या मिडवाइफरीची परदेशी पदवी घेऊन आलेल्या मुलीला आधी त्या पदवीची मान्यता मिळवावी लागते, आणि ते काम दोन-चार आठवड्यांत उरकणारं नाही. तिकडची परिषदसुद्धा परदेशातले तास तेव्हाच धरते, जेव्हा त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तिथे तुमची नोंदणी असते. माणसं कमी आहेत, तुला कुणी आनंदाने आत घेईलही. तरी नोंदणीशिवाय लेबर रूममध्ये हात घालू नकोस. काही बिघडलं तर इथे तुझ्यामागे कुणी उभं राहणार नाही आणि तिकडची नोंदणीही धोक्यात येईल.

रस्त्यात, शेजारी, इमारतीत कुणाला अचानक कळा सुरू झाल्या तर मात्र गोष्ट वेगळी. तुमच्या आचारसंहितेतच लिहिलं आहे की अडीअडचणीच्या प्रसंगी, कुठेही असलात तरी, आपल्या कुवतीत बसेल ती मदत करायची. १०८ ला फोन लाव आणि गाडी येईपर्यंत बाईजवळ थांब. एरवीही तुझ्या सोसायटीतल्या गरोदर बायकांना या दिवसांत एका शहाण्या आवाजाची फार गरज आहे. आयत्या वेळी चाचणीच्या रिपोर्टवरून अडवणूक होते, कोणतं रुग्णालय कोविडसाठी घेतलंय हे कुणाला ठाऊक नसतं. त्यांना बसवून सांग की नाव घातलेल्या ठिकाणी आत्ताच फोन करून विचारा, चाचणी कधी करायची ते ठरवा, दुसरं एक ठिकाण हाताशी ठेवा, १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला, बाळाची हालचाल कमी वाटली तर कोरोनाच्या भीतीने घरी बसून राहू नका. एवढं सांगायला कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाही.

आता भावाचं. तो पूर्ण चुकीचं बोलत नाही. मार्चमध्ये तिकडच्या परिषदेने नूतनीकरणाला तीन महिने वाढवून दिले, हे खरं आहे. पण तुझ्या नावापुढे आज कोणती तारीख आहे हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजवरून ठरत नाही. तुझ्या खात्यात लॉग-इन कर, दिसेल ती तारीख तुझी. आपल्याकडे ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत केंद्राने सरसकट वाढवली, त्यामुळे हल्ली प्रत्येक कागदाची मुदत आपोआप वाढलीय असं लोक धरून चालतात. तुझ्या खात्यात वाढीव तारीख दिसली तरी तिला उशी समज आणि काम आत्ताच कर. मुदत वाढते तेव्हा तारीख पुढे जाते, लिहायचं कमी होत नाही. शिवाय बाबांची तब्येत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कशी असेल हे कुणी सांगावं? ती वाढीव मुदत अशा अडचणीसाठी शिल्लक राहू दे. आणि अर्ज करणं अगदीच अशक्य झालं तर परिषदेला तारखेच्या आधी कळवून मुदत मागायची. तारीख उलटून गेल्यावर केलेल्या विनवणीचा फारसा उपयोग होत नाही.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मात्र मला पटत नाही. तात्पुरतं रजिस्टर मार्चच्या अखेरीस कोरोनाच्या नव्या कायद्याखाली उघडलं ते निवृत्त झालेल्या, काम सोडून गेलेल्या लोकांना पटकन परत बोलावता यावं म्हणून. कोरोनाची आणीबाणी संपल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं की ते बंद होणार. चालू नोंदणी हातची सोडून त्याच्या भरवशावर बसणं म्हणजे स्वतःचं घर सोडून शिबिरात राहायला जाणं. मिडवाइफच्या बाबतीत तर हे आणखी जपायला हवं. तिकडे बाळंतपण करण्याचं काम कायद्याने राखून ठेवलेलं आहे. नोंदणी असलेली मिडवाइफ किंवा डॉक्टर आणि त्यांच्या देखरेखीखालचे विद्यार्थी, एवढ्यांनीच ते करायचं, तातडीचा प्रसंग सोडून. नोंदणी सुटली तर पुन्हा नाव लागेपर्यंत तू त्या वॉर्डात मिडवाइफ म्हणून पाऊल ठेवू शकणार नाहीस. पुन्हा नाव लावायचा वेगळा अर्ज असतो आणि त्यात आठवडे जातात. तू परत जाशील तेव्हा पगार सुरू व्हायची घाई असेल. हा घोळ तेव्हा परवडणार नाही.

आता खरं काम. ३५ तासांचं शिक्षण दाखवायचं आहे, त्यातले २० तास इतरांसोबत केलेले हवेत. 'इतरांसोबत' म्हणजे एका खोलीत बसून असं नाही. ज्या वेबिनारमध्ये प्रश्नोत्तरं होतात, चर्चा होते, ते चालतं. एकटीने वाचलेलं उरलेल्या पंधरा तासांत टाक. कामावर असताना झालेली प्रशिक्षणं आठव: बाळाच्या ठोक्यांचा आलेख वाचणं, रक्तस्रावाची तालीम, स्तनपान. आग विझवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं असलं तरी ते यात धरत नाहीत, कारण त्याचा तुझ्या कामाशी थेट संबंध नाही. कमी पडतील त्या तासांसाठी गरोदरपण आणि कोरोना हा विषय घे. प्रसूतितज्ज्ञांच्या आणि मिडवाइफांच्या तिथल्या रॉयल कॉलेजांनी मिळून काढलेल्या सूचना मार्चपासून अनेकदा सुधारल्या गेल्यात. परत गेल्यावर तुला त्याच पाळायच्या आहेत, तर आजच वाचायला घे. बाबा दुपारी झोपतात त्या वेळात हे होईल.

तुझ्या कामाबद्दल इतरांच्या पाच प्रतिक्रिया लागतात. यावर मुली अडून बसतात, कारण त्यांना वाटतं छापील फॉर्म आणि शिक्का हवा. तसं काही नाही. बाळंतिणीने दिलेलं आभाराचं कार्ड, सोबतच्या मिडवाइफने तोंडी सांगितलेली गोष्ट, वार्षिक मूल्यमापनातलं वाक्य, हाताखालच्या विद्यार्थिनीचा ईमेल, वॉर्डाबद्दल आलेली तक्रार, हे सगळं चालतं. कोणाकडून, कधी, काय कळलं आणि तू त्यावर काय बदललंस एवढं लिहायचं. नाव, बेड नंबर, जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट लिहायची नाही. कार्डाचा फोटो ठेवत असशील तर त्यावरचं नावही झाकून टाक.

आणि आता ते पाच लेख. इथे जरा थांबू, कारण तुझा खरा अडसर हाच आहे असं तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींवरून मला वाटतं.

ते लेख म्हणजे निबंध नव्हेत. अर्धं-पाऊण पान पुरतं. काय घडलं किंवा काय शिकलीस, त्यातून काय समजलं, कामात काय बदललं आणि ते आचारसंहितेच्या चार भागांपैकी कुठे बसतं: माणसाला अग्रक्रम, परिणामकारक काम, सुरक्षितता, व्यवसायाची आणि विश्वासाची जपणूक. एवढंच. पण आपल्याकडच्या मुली लिहायला बसल्या की दोनच गोष्टी करतात. एक तर स्वतःचं कौतुक लिहायला लाजतात, नाही तर चूक कबूल केली तर नोकरी जाईल म्हणून गुळगुळीत काहीतरी लिहितात. माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलींनी पाठवलेले कच्चे मसुदे मी वाचले आहेत. 'मला संवादाचं महत्त्व समजलं' असं वाक्य जवळपास सगळ्यांत असतं, आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीही समजत नाही. नेटवर तयार लेखही मिळतात. त्यांना हात लावू नकोस. समोरची मिडवाइफ त्यावर तुझ्याशी बोलणार आहे, पहिल्याच प्रश्नाला उघडं पडेल.

तू तो रक्तस्रावाचा प्रसंग लिही. बघ, असा लिहिता येईल:

"बाळंतपणानंतर बाईला जास्त रक्तस्राव सुरू झाला. मी तातडीची बेल दाबली आणि पोटावरून गर्भाशय चोळायला सुरुवात केली. टीम आली, औषधं सुरू झाली, रक्तस्राव आटोक्यात आला. दुसऱ्या दिवशी तिच्या पतीने सांगितलं की त्या सगळ्या वेळात तो बाळाला छातीशी धरून भिंतीलगत उभा होता आणि पत्नी जिवंत आहे की नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही. आमचे सगळ्यांचे हात कामात होते, पण खोलीत एक माणूस असा होता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यानंतर बेल दाबल्यावर मी आलेल्यांपैकी एकीला स्पष्ट सांगते, 'तू यांच्याजवळ थांब आणि काय चाललंय ते सांगत राहा.'"

तुझ्या पत्रात एवढा तपशील नाही, काही गोष्टी मी कल्पनेने भरल्या आहेत. तू जे खरंच घडलं तेच लिही. त्या नवऱ्याने नेमकं काय म्हटलं, तुला तेव्हा काय वाटलं, नंतर तू काय वेगळं करू लागलीस. आधी मराठीत लिहून काढ, मग इंग्रजीत उतरव. गावाचं, वॉर्डाचं नाव नको, तारीख नको. आणि ही तक्रार तुझ्या प्रतिक्रियांच्या यादीतही बसते, हे लक्षात आलं का? जे तू इतके दिवस लपवून ठेवलंस तेच तुझ्या अर्जातलं सगळ्यात भक्कम पान होईल. ती बाई वाचली त्यात तुझ्या हातांचा वाटा होता. तिचा नवरा घाबरला होता हेही खरं. दोन्ही एका पानावर लिही.

उरलेले चार यामानाने सोपे जातील. एक कोरोनाच्या सूचना वाचून तुझ्या कामात काय बदलावं लागेल यावर, एक एखाद्या प्रशिक्षणावर, एक विद्यार्थिनीच्या प्रतिक्रियेवर, एक आभाराच्या कार्डावर. बाबांची सेवा मात्र यात घालू नकोस. ते मिडवाइफचं काम नाही.

लेख झाले की त्यांवर परिषदेची चालू नोंदणी असलेल्या एखाद्या नर्सशी किंवा मिडवाइफशी चर्चा करायची आणि शेवटी सगळ्यावर एका व्यक्तीने खात्री म्हणून सही द्यायची. साधारणपणे हे काम तुझ्या वरिष्ठ बाई करतील. त्यांची स्वतःची नोंदणी असेल तर दोन्ही एकाच बैठकीत उरकतं. व्हिडिओ कॉल चालतो. त्या सध्या किती ओढाताणीत असतील याची तुला कल्पना आहेच, म्हणून 'कधी वेळ आहे' असं मोघम विचारू नकोस. दोन-तीन वेळा सुचव आणि सगळे कागद आदल्या दिवशी पाठव. तिकडचे साडेतीन म्हणजे सध्या आपले रात्रीचे आठ. बाबांचं जेवण साडेसातला उरकून घ्या. चर्चेच्या फॉर्मवर समोरच्या बाईंचं नाव, पिन (म्हणजे त्यांचा नोंदणी क्रमांक) आणि तारीख नीट भरून घे.

आता ते 'कोणत्या तोंडाने'. बाळंतपणं करणाऱ्या बाईला घरी म्हाताऱ्या माणसाची कूस बदलत बसावं लागलं म्हणजे ती व्यवसायातून पळाली, असं तुला कुणी सांगितलं? तुझ्या मैत्रिणींनी नक्कीच नाही. त्या थकल्या आहेत आणि त्यांना वॉर्डात जास्तीची माणसं हवी आहेत. तू नोंदणी जाऊ दिलीस तर त्यातलं एक माणूस कमी होईल. त्यांना तुझ्या शिक्षेचा काही उपयोग नाही, तुझा उपयोग आहे. मला हे तुला फार मनापासून सांगायचं आहे, कारण नुसत्या अपराधी भावनेपायी चांगल्या मुलींनी हे काम सोडलेलं मी बघितलंय.

आईशी मात्र नीट बोल. त्यांना नोकरीचा राग नाही, तू उठून जाशील याची भीती आहे. अर्ज केला म्हणजे तिकीट काढलं असं नाही, हे त्यांना समोर बसून सांग. नोंदणी चालू असली तर तू डिसेंबरमध्ये जाऊ शकतेस, पुढच्या वर्षी जाऊ शकतेस, इथे राहायचं ठरलं तर इथल्या मान्यतेसाठीही तीच कामाला येईल. आणि भाऊ कुठे राहतो ते तू लिहिलेलं नाहीस, पण तो ठाण्या-मुंबईच्या आसपास असेल आणि घरून काम करत असेल तर ऑगस्टमधले शनिवार-रविवार बाबांची जबाबदारी त्याने घ्यावी. लघवीचं भांडं, औषधं, कूस बदलणं, सगळं. मुदतवाढीची बातमी पाठवून बहिणीची जबाबदारी हलकी होत नाही. त्याला हे तू सांग, आईला सांगायला लावू नकोस.

किरकोळ राहिलं ते असं. तब्येत आणि वर्तणुकीचं प्रतिज्ञापत्र प्रामाणिकपणे भर. विमा-संरक्षणाच्या प्रश्नात, काम करशील तेव्हा संरक्षण असेल असं सांगायचं असतं, आणि ते तुला सरकारी नोकरीतून मिळतं. नूतनीकरणासोबत वर्षाची १२० पौंडांची फी भरायची आहे. ती तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी बँकेतून कापून जात असेल तर बिनपगारी रजेमुळे त्या खात्यात पैसे उरलेत ना, हे नवऱ्याला आजच बघायला सांग. मुदतवाढ नूतनीकरणाला मिळाली तरी फी चुकत नाही, आणि फी राहिली म्हणूनही नाव निघतं.

कागदांची फाइल परिषदेकडे पाठवायची नसते. अर्जात तू फक्त सांगतेस की हे सगळं झालं आहे, मग काही जणांना निवडून त्यांच्याकडे जास्तीची माहिती मागतात. तो ईमेल आला तर घाबरू नकोस, त्यात तुझ्यावर संशय नसतो. उत्तर मात्र त्यांनी दिलेल्या मुदतीत दे. खात्यातला ईमेल पत्ता हॉस्पिटलचा असेल तर तो बदलून रोज उघडतेस तो घाल, कारण रजेवर असताना हॉस्पिटलचा मेल बघायचा राहून जातो. आणि फाइल पुढच्या नूतनीकरणापर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, जपून ठेव.